काळी स्कॉर्पिओ, चार टायर आणि एप्रिलचं ऊन : लातूरच्या शेडमधल्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

औसा तालुक्यातल्या एका ऊसवाल्या अण्णांची काळी स्कॉर्पिओ आज माझ्या गाड्या धुण्या-पॉलिशच्या शेडमध्ये येऊन गेली. अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न आहे आणि सासरी जाताना ती याच गाडीत बसणार आहे. अण्णांचं मागणं एका वाक्यात संपलं, "गाडी शोरूमातून काढल्यावानी दिसाव, आन् टायर काळेभोर पायजेत." २८ तारखेला सकाळी गाडी परत द्यायची.

उन्हात उभी करून पाहिली. बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे आहेत, कोरड्या फडक्याने धूळ झटकून झटकून पडलेले. त्यावर मशीनचे लांब पट्टे. आपण हललो की तेही मोरपिसासारखे हलतात. आधी कुणीतरी रोटरी मशीनला, म्हणजे नुसतं गोल फिरणाऱ्या पॉलिश मशीनला, लोकरी पॅड लावून गाडी घोटली आणि शेवटचा मऊ हात फिरवलाच नाही. दोन्ही बाजूंच्या दारांवर शेतरस्त्याच्या वेड्या बाभळींनी ओढलेल्या रेघा आहेत, काही नखाला लागतात.

टायरला काय लावायचं आणि पॉलिश मशीनला लावायचे पॅड कुठले ठेवायचे, हे दोन प्रश्न मी वर्षभर पुढे ढकलत आलोय. दुकानदाराने दिलं ते घेतलं, कुणी सुचवलं ते मागवलं. या गाडीच्या निमित्ताने नीट तपासून ठरवतो, म्हणून ही वही.

६ मार्च

आधी पाणी. शेडच्या बोअरचं पाणी मीटरवर १,१५० दाखवतं, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम क्षार. बेसाल्टच्या खडकातलं पाणी, जड असणारच. काळ्या रंगावर हे पाणी उन्हात वाळलं की पांढरे गोल डाग बसतात आणि मग तेच डाग घालवण्यासाठी पॉलिश करत बसावं लागतं. टायर पॉलिश पातळ करायलाही हे पाणी नको, दुधाळ पॉलिश त्यात फाटायची भीती. त्यामुळे शेवटचा हात आणि सगळी मिश्रणं आरओच्या पाण्याची. आरओमधून टाकाऊ म्हणून निघणारं पाणी वेगळ्या टाकीत साठवून चाकं आणि मडगार्डची आतली बाजू धुवायला.

आमच्या गावात पाण्याचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ आली, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस पाइप सोडून गाडी धूत नाही. प्रेशर मशीन फक्त चिखलासाठी, बाकी गाडी दोन बादल्यांत.

१० मार्च, सोमवार

टायर पॉलिशची तुलना सुरू केली. अण्णांच्या गाडीवर प्रयोग करणार नाही. माझी स्वतःची जुनी हॅचबॅक रोज शेड ते घर आणि मध्येमध्ये औसा असं पळते, तिच्याच चार चाकांवर चार प्रकार.

त्याआधी टायर धुणं. इथेच बहुतेक ठिकाणी घाई होते. सर्वसाधारण क्लीनर पाण्यात मिसळून फवारला, नायलॉनच्या ताठ ब्रशने घासलं तर फेस चहासारखा तपकिरी निघाला. हा नुसता मातीचा रंग नसतो. टायरच्या रबरात ओझोनपासून राखण करणारं ६पीपीडी नावाचं रसायन आणि मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो, ताणतो, तसं ते हळूहळू आतून वर येतं, हवेत बदलतं आणि तपकिरी थर धरतो. त्यात जुन्या पॉलिशचं तेल आणि धूळ मिसळते. या थरावर कितीही चांगलं पॉलिश लावा, ते रबराला धरतच नाही, थरासकट निघून जातं. फेस पांढरा येईपर्यंत घासायचं. माझ्या गाडीला पुढच्या चाकांना तीन वेळा घासावं लागलं, मागच्यांना चार.

हे पाणी उघड्या नालीत सोडायचं नाही असं आज ठरवलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर ओढ्यांतले कोहो सामन मासे का मरतात याचा शोध घेताना २०२० मध्ये संशोधकांना ६पीपीडी आणि ओझोन यांच्यापासून होणारं एक विषारी संयुग सापडलं. ते टायरच्या झिजेतून पाण्यात उतरत होतं. माझ्या शेडचं पाणी कुठल्या माशापर्यंत जातं ते मला सांगता येणार नाही, पण पुढे नाला आहे आणि नाला मांजरा नदीकडे जातो. वाळू-खडीचा एक शोषखड्डा या आठवड्यात.

चाकं अशी :
पुढचं डावं : सॉल्व्हंटवर आधारित, पारदर्शक, रॉकेलसारख्या वासाचं, ओलं चमकणारं.
पुढचं उजवं : पाण्यावर आधारित, दुधासारखं पांढरं, दोन हात.
मागचं डावं : दाट जेल, स्पंजने.
मागचं उजवं : ग्लिसरीन आणि पाणी, वॉशिंग सेंटरवर वापरतात तसं.

डिझेल आणि जळकं ऑइल यादीत घेतलंच नाही. कित्येक ठिकाणी अजून टायरला डिझेलचा बोळा फिरवतात, दोन तास टायर नवा दिसतो. टायरचं रबर खनिज तेलाला टिकणारं नसतं. ते तेल पितं, फुगतं, नरम पडतं. शिवाय एक थेंब ब्रेकच्या डिस्कवर गेला तर काय होईल, हा विचार करून मला झोप लागणार नाही.

१५ मार्च

धुळवडीनंतर दोन पांढऱ्या गाड्या गुलाबी होऊन आल्या, त्यात दिवस गेला. तुलनेची पहिली नोंद : सॉल्व्हंटवाल्या चाकामागे दाराच्या खालच्या भागावर काळ्या ठिपक्यांची कमान उमटली आहे. चाक फिरलं की जादा तेल बाहेर फेकलं जातं. लावल्यावर वीस मिनिटं थांबलो होतो, पण पुसलं नव्हतं. ग्लिसरीनवालं चाक तर पिठात घोळलेल्या भजीसारखं धुळीने भरलं आहे. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, वाळत नाही, आणि आपल्याकडे मार्चमध्ये रस्त्यावर धूळच धूळ.

२४ मार्च, सोमवार

चौदा दिवस झाले. भाच्याचे बारावीचे पेपर संपले, तो आता सकाळी हाताखाली येतो. त्याला चारही चाकं दाखवून कुठलं बरं वाटतं ते विचारलं. तो म्हणाला, "मामा, दुसरं. बाकीचे तेल लावल्यासारखे हायत, हे नुसतं काळं हाय."

त्याचं बरोबर आहे, पण चाकांच्या जागेने फरक पडतो हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पुढची चाकं वळतात आणि ब्रेकची काजळीही तिथेच जास्त. म्हणून सगळी धुऊन प्रकार अदलाबदल केले : पुढचे मागे, मागचे पुढे. आणखी दोन आठवडे. सॉल्व्हंट आणि जेल या खेपेला लावल्यावर अर्ध्या तासाने कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून घेतलं.

मधल्या वेळेत एक गैरसमज स्वतःच्या डोक्यातून काढला. ‘सिलिकॉन टायर खातं’ असं मीही गिऱ्हाइकांना सांगत होतो. चारपैकी तीन बाटल्यांत सिलिकॉन तेलच आहे, दुधाळ पॉलिशमध्येसुद्धा, फक्त तिथे ते पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात मिसळलेलं असतं. हे तेल रबराशी भांडत नाही. त्रास होतो तो ते पातळ करायला वापरलेल्या पेट्रोलियम सॉल्व्हंटचा. तो रबराच्या पृष्ठावरचं मेण धुऊन नेतो, आणि वारंवार लावलं की राखण करणारा थर उघडा पडत जातो.

१ एप्रिल

पॅड आले. यात माझ्या हातून चूक झाली आणि ती सविस्तर लिहून ठेवतो.

फोमच्या पॅडचा रंग पाहून तो किती कापतो ते कळतं असं मी धरून चाललो होतो. रंगाचा कुठलाही समान नियम नाही. रूपेस कंपनीच्या पॅडमध्ये निळा सर्वांत खरखरीत, मग हिरवा, पिवळा बारीक कामाचा आणि पांढरा अगदी शेवटच्या हाताचा. लेक कंट्री या दुसऱ्या कंपनीत पिवळा जोरात कापणारा, नारिंगी हलकं कापणारा, पांढरा पॉलिशचा, काळा फिनिशिंगचा. मी एका पद्धतीचा तक्ता डोक्यात ठेवून दुसऱ्या पद्धतीचे पिवळे पॅड मागवले. शेवटच्या हातासाठी म्हणून घेतलेला पॅड कापणारा निघाला.

सुदैवाने पहिली ओढ भंगारातून आणलेल्या काळ्या बॉनेटवर घेतली होती. बारीक पॉलिश लावूनही पृष्ठभागावर धुरकट पडदा आला. पॅड बोटाने दाबून पाहिला तेव्हा कळलं, फोम कडक आणि पेशी मोठ्या आहेत. आता प्रत्येक पॅडच्या मागे, वेल्क्रोच्या कडेला, मार्करने मराठीत लिहितोय : ‘काप’, ‘मधला’, ‘शेवट’. भाच्यालाही रंग विचारायचा नाही, अक्षर वाचायचं, असं सांगितलं.

५ एप्रिल

चार चाकांचा निकाल.

ग्लिसरीन बाद. एका धुण्यात गेलं आणि तोवर धूळ गोळा करत राहिलं.

सॉल्व्हंट पुसून घेतल्यावर ठिपके उडाले नाहीत, चमकही तशीच राहिली. पण आठव्या-नवव्या दिवशी टायर परत तपकिरी दिसायला लागला, आणि धूळ ओल्या थरात अशी बसते की फडकं फिरवलं की काळा चिखल होतो. शेडमध्ये नको.

जेल सर्वांत जास्त टिकलं, पुसून घेतलं तर फेकलं जात नाही. वेळ मात्र खातं. टायरवरच्या अक्षरांत आणि खाचांत साचतं, तिथे छोटा ब्रश लागतो.

दुधाळ, दोन हात, मधे पंधरा मिनिटं. चमक साटिनच्या कापडाइतकी. हात लावला तर बोट कोरडं. दहाव्या दिवसापर्यंत धूळ कोरड्या फडक्याने झटकली जाते आणि खालचा काळा रंग तसाच असतो. दहानंतर उतरतं, तेव्हा परत एक हात. उसाच्या आणि मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी यापुढे हेच लावणार. लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीला मागितलं तर जेल.

वहीत ठळक : टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागावर थेंबही नाही. मोटारसायकलच्या टायरला कुठेच नाही, वळताना ती कडेवरच चालते. क्लच-ब्रेकच्या पॅडलला चमक मागणारा गिऱ्हाईक आला तर त्याला बसवून चहा पाजायचा आणि नाही म्हणायचं.

९ एप्रिल

ऊन. दुपारी शेडच्या पत्र्याखालीसुद्धा काळ्या बॉनेटवर हात ठेववत नव्हता. भंगाराच्या बॉनेटवर एक वाजता मुद्दाम काम करून पाहिलं. कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जोरात कापणारी पेस्ट, चार फेऱ्यांत सुकलं, पांढरी भुकटी उडायला लागली, पॅड ओढ घेऊ लागला. तापलेल्या फोमचं वेल्क्रो कडेने सुटलं. स्वस्त म्हणून घेतलेला तो पॅड होता. पूर्ण सुटला असता तर प्लास्टिकची बॅकिंग प्लेट थेट रंगावर गेली असती. त्या गठ्ठ्यातले उरलेले पाचही बाजूला काढले, ते आता फक्त हेडलाइटच्या काचा हाताने घासायला.

यातून वेळ ठरली : सकाळी सहा ते साडेदहा. एका वेळी दीड बाय दीड फुटाचाच तुकडा. मध्ये छिद्र असलेले पॅड बरे, गोल फिरताना मधोमध साठणारी उष्णता तिथे कमी अडकते. लोकरी पॅडविषयी माझं मत थोडं बदललं. लोकर फोमपेक्षा थंड राहते, उन्हाळ्यात हा मोठा गुण. तिचे पट्टे उमटतात म्हणून तिला नावं ठेवतात, पण पट्टे राहतात ते नंतर मऊ फोमचा हात न दिल्याने. आखूड केसांचे दोन लोकरी पॅड ठेवून दिले.

१६ एप्रिल, बुधवार

अण्णांची गाडी आली. धुऊन, रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी क्ले (चिकणमातीसारखी वडी) फिरवून, रंगाच्या थराची जाडी मोजणारं मीटर लावलं. बॉनेट ११२ ते ११८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छत १०८, पुढची दारं ११५ च्या आसपास. मागचं डावं दार २४०. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "हाव, तिथं ट्रॅक्टरची ट्रॉली घासली होती, रंग मारलाय." म्हणजे त्या दाराचा हिशेब वेगळा.

कंपनीच्या रंगात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. सगळं काम त्यातल्या वरच्या दोन-चार मायक्रॉनमध्ये करायचं आणि बाकीचं ऊन सोसायला ठेवायचं. हा थर घासून संपला तर परत आणता येत नाही, म्हणून पॅड निवडताना मी खालून वर जातो, कडक पॅडने सुरुवात करत नाही.

बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात टेप लावून चाचणी, मशीन ड्युअल ॲक्शन (गोल फिरता फिरता डोलणारं) :
‘शेवट’ पॅड आणि बारीक पॉलिश : चकाकी आली, जाळं तसंच.
‘मधला’ फोम आणि मध्यम पॉलिश : जाळं बहुतेक गेलं, मशीनचे पट्टे पूर्ण गेले.
मायक्रोफायबरचा ‘काप’ पॅड आणि कंपाउंड : जवळजवळ सगळं गेलं, पण धुरकटपणा राहिला, वर दोन हात द्यावे लागतील.

प्रत्येक तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि आरओच्या पाण्याने पुसून मगच पाहिला. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून त्यांना लपवतं, आणि पहिल्या दोन धुण्यांत खरं रूप बाहेर येतं. या गाडीवर आधी तेच झालं असणार.

ठरलं : पूर्ण गाडी ‘मधला’, दोन फेऱ्या, मग ‘शेवट’. तिसऱ्या चाचणीने मिळणारा थोडासा फायदा क्लिअर कोट खर्चून घ्यायचा नाही. बाभळीच्या ज्या रेघा नखाला लागतात त्या राहतील, फक्त त्यांच्या कडा गोल होऊन उन्हात कमी चमकतील. अण्णांना हे आजच सांगितलं. काम झाल्यावर सांगितलं की तो बहाणा वाटतो.

१९ ते २३ एप्रिल

पाच सकाळी. मधल्या फोमचे सहा पॅड लागले. प्रत्येक तुकड्यानंतर मशीन हळू फिरवत नायलॉनच्या ब्रशने पॅड साफ करायचा, दर पॅनेलला नवा घ्यायचा. भाचा आधीचे धुऊन सावलीत वाळवायचा. भरलेला पॅड कापत नाही, नुसता तापतो, हे त्याला दुसऱ्याच दिवशी हाताला कळलं.

खांबांना आणि आरशांना तीन इंची पॅड. बंपर प्लास्टिकचा, तिथे उष्णता पसरत नाही, एका जागी साठते, म्हणून वेग कमी आणि हात हलता. कडांवर आणि बॉनेटच्या उंचवट्याच्या रेषांवर टेप, तिथे थर पातळ असतो. रंगवलेलं दार मऊ निघालं, ‘मधला’ पॅड तिथे जास्तच चावायला लागला. ते नुसत्या ‘शेवट’ पॅडवर तीन फेऱ्यांत केलं. लोकर बाहेर काढावीच लागली नाही.

२१ तारखेला आठ वाजता लाईट गेली ती अकराला आली, तो दिवस तसाच गेला.

नंतर मीटरने पाहिलं, आकडे दोन-तीन मायक्रॉनच्या आत फिरतात. मीटरची स्वतःची चूकही तेवढी धरावी. पण मोठं काही गेलेलं नाही एवढं नक्की.

२७ एप्रिल, रविवार

टायर. चारही टायरवरचा आठवडा-वर्षाचा शिक्का १८२१, म्हणजे २०२१ चा अठरावा आठवडा. बाजू तपासल्या, चिरा नाहीत. स्टेपनी मात्र ३३१५ ची, बाजूला केसासारख्या चिरा पडलेल्या. तिला पॉलिश लावलं नाही. चमकली की चिरा दिसत नाहीत, आणि लग्नाच्या गर्दीत नेमकी तीच चढवावी लागली तर? अण्णांना फोटो पाठवून नवी घ्यायला सांगितलं.

बाकी चारी टायर पांढरा फेस येईपर्यंत घासले, पूर्ण वाळू दिले, दुधाळ पॉलिशचे दोन हात, वर कोरडं मायक्रोफायबर.

संध्याकाळी अण्णा गाडी बघायला आले. बॉनेटवर वाकून स्वतःचा चेहरा पाहिला, काही बोलले नाहीत, पागोट्याचा शेव नीट केला. मग चाकापाशी बसले. "टायर कोरडंच दिसलालंय की ओ. वलं चमकत न्हाई."

मी त्यांना माझ्या हॅचबॅकपाशी नेलं. सकाळी मुद्दाम एका टायरला सॉल्व्हंटवालं लावून औशापर्यंत फेरी मारून आणली होती, शेजारच्याला दुधाळ. पहिल्यावर बोट फिरवायला सांगितलं, बोट काळंकुट्ट. दुसऱ्यावर फिरवलं, थोडी धूळ, खाली काळं रबर. त्यांना म्हटलं, "अण्णा, लेकीची साडी दारातून उतरताना चाकाला लागणार."

त्यांनी बोट रुमालाला पुसलं. "मंग हेच राहू द्या."

२८ एप्रिल

सकाळी सात वाजता गाडी दिली. सोबत दुधाळ पॉलिशची छोटी बाटली, एक स्पंज, दोन मायक्रोफायबर. त्यांच्या ड्रायव्हरला दाखवलं : धूळ कोरड्या फडक्याने झटकायची नाही, आधी पाणी. टायरवर मात्र कोरडं फडकं चालतं.

११ मे, रविवार

परवा अवकाळी पाऊस झाला, काळी माती सगळीकडे. आज अण्णांची गाडी धुवायला आली. मडगार्डच्या आत चिखलाचे गोळे, दोन बादल्या तिथेच गेल्या. रंग धुऊन उन्हात उभा केला, जाळं परत आलेलं नाही, पट्टेही नाहीत. मागच्या डाव्या दारावर एक नवी रेघ आहे, मांडवाच्या बांबूची म्हणे.

टायरवरचं पॉलिश चौदा दिवसांनी मागच्या चाकांवर उतरलंय, पुढच्यांवर थोडं शिल्लक. फेस पहिल्या घासणीला फिका तपकिरी आला, दुसऱ्याला पांढरा. मार्चमध्ये माझ्याच गाडीला चार घासण्या लागल्या होत्या. स्टेपनी नवी घेतली आहे.

पुढची मागणी लिहून ठेवली : मधला फोम सहा, शेवटचा चार, तीन इंची दोन्हीतले दोन-दोन, दुधाळ पॉलिशचा पाच लिटरचा कॅन. सॉल्व्हंटची अर्धी बाटली उरली आहे, ती गिऱ्हाइकांना बोटाने फरक दाखवायला ठेवतोय.